वाचकांचे प्रश्न : तेलुगू मुलांना 'डीम' कसे समजावावे?

या अंकात एकाच इंग्रजी क्रियापदाविषयी बेळगाव, निपाणी आणि खानापूर येथून आलेली तीन पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या दोन्ही पत्रांतील शंका त्यातूनच उलगडत जातात.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे. टिळकवाडीतील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर आंध्र आणि तेलंगणातून वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणासाठी आलेली मुले भाड्याने राहतात. भाडेकराराच्या इंग्रजी मसुद्यात एक कलम आहे, त्याचा आशय असा की, जो भाडेकरू न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहील, तो 'शॅल बी डीम्ड टु हॅव व्हेकेटेड द रूम'. संक्रांतीला गावी निघण्याआधी त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, "अंकल, माझे सामान खोलीत आहे, पुस्तके आहेत, मी परत येणार हे तुम्हाला ठाऊक आहे, मग मी खोली सोडली असे तुम्हाला का वाटेल?" मुलांनी कोश पाहिला होता आणि त्यात 'डीम' म्हणजे 'थिंक', 'कन्सिडर' असे अर्थ दिले होते. मला तेलुगू येत नाही, कन्नड मात्र व्यवहारापुरती येते. या मुलांना हे क्रियापद नेमके कसे समजावावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याची शंका रास्त आहे, आणि मराठीतून विचार करणाऱ्यालाही ती पडावी अशीच आहे. कोश 'डीम'चे दोन निरनिराळे उपयोग एकाच ओळीत बसवतात आणि वाचणाऱ्याला त्यांतला फरक दिसत नाही. एका उपयोगात कोणाचे तरी मत असते : डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आवश्यक मानली, समितीने अर्ज अपुरा मानला. येथे डॉक्टर आहेत, समिती आहे, त्यांनी विचार केला आहे आणि त्यांचे मत चुकीचेही असू शकते. दुसऱ्या उपयोगात कोणाचेच मत नसते. 'शॅल बी डीम्ड' या शब्दांनी करार किंवा कायदा एवढेच ठरवून टाकतो की, अमुक परिस्थिती उद्भवली की तमुक गोष्ट घडली असे धरून पुढचा सारा व्यवहार करायचा. ती गोष्ट प्रत्यक्षात घडलेली नाही, हे घरमालकाला ठाऊक असते, भाडेकरूला ठाऊक असते आणि मसुदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. किंबहुना ती घडलेली नसते म्हणूनच हे क्रियापद वापरावे लागते; खोली खरोखरच रिकामी करून किल्ली परत दिली असती, तर 'डीम्ड' लिहिण्याची गरजच उरली नसती.

आता हे तेलुगूच्या अंगाने पाहू. 'थिंक' हा अर्थ सांगितला की तेलुगू मुलाच्या मनात 'अनुकोनु' हे क्रियापद उभे राहते. त्याची घडण पाहण्यासारखी आहे : 'अनु' म्हणजे म्हणणे, आणि त्याला जोडलेले 'कोनु' हे सहायक क्रियापद ती क्रिया करणाऱ्याकडेच वळवते. म्हणजे 'अनुकोनु' याचा गाभा 'स्वतःशी म्हणणे' असा आहे. हे पूर्णपणे मनातले क्रियापद आहे. ते मनात ठेवून करारातले वाक्य वाचले, तर "मी परत येणार हे माहीत असताना तुम्ही स्वतःशी असे का म्हणाल?" हाच प्रश्न सुचणार. मुलाने व्याकरणाला धरूनच प्रश्न विचारला आहे. त्याला दिलेला प्रतिशब्द तेवढा चुकीच्या दिशेचा होता.

तेलुगूत दुसरी एक बोलण्यातली रचना आहे, आणि माझे आग्रहाचे सांगणे आहे की, आपण तिच्यापासूनच सुरुवात करावी. ती रचना म्हणजे 'नट्टे लेक्क'. एखादा माणूस वाटेत आहे, आता पोहोचेलच, अशा वेळी तेलुगू माणूस 'वच्चिनट्टे लेक्क' असे म्हणतो. 'वच्चिन' म्हणजे आलेला, 'अट्टु' म्हणजे तसे, त्यापुढचा 'ए' म्हणजे आपला 'च', आणि 'लेक्क' म्हणजे हिशेब. आल्याचाच हिशेब, आल्यातच धरायचे. आपल्या भाडेकरूंना सांगा : 'ओप्पंदम प्रकारम, गदि खाळी चेसिनट्टे लेक्क.' ओप्पंदम म्हणजे करार, गदि म्हणजे खोली, आणि 'खाळी चेयु' हे घर रिकामे करण्यासाठी तेलुगूतले रोजचे बोलणे आहे. कराराप्रमाणे खोली रिकामी केल्याच्या हिशेबात धरायचे, एवढाच त्या कलमाचा अर्थ आहे. हे वाक्य ऐकल्यावर 'तुम्हाला तसे का वाटेल' हा प्रश्न उरत नाही, कारण हिशेबाला वाटण्याशी कर्तव्य नसते.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसले असेल. आपण 'गेल्यात जमा', 'संपल्यात जमा', 'बुडाल्यात जमा' असे म्हणतो. 'गेल्यात' हे भूतकाळवाचक कृदन्ताचे रूप आहे आणि 'जमा' हा थेट कीर्दखतावणीतला शब्द आहे. आपल्याला कन्नड येते, म्हणून तेही पाहा : 'खाली माडिद हागे लेक्क'. तिन्ही भाषांत रचना एकच आहे. आधी झालेल्या क्रियेचे कृदन्त, मग 'तसे' किंवा 'त्यात' दाखवणारा दुवा, आणि शेवटी हिशेबाचा शब्द. इंग्रजीत याच जागी 'टु हॅव व्हेकेटेड' असे पूर्ण झालेल्या क्रियेचे रूप आहे. 'टु व्हेकेट' असे ते नाही, ही बाब मुलांच्या नजरेस आणून द्यावी. खोली सोडण्याची क्रिया आधीच पुरी झाली असे धरायचे आहे, ती पुढे व्हायची आहे असे नाही, आणि तेलुगूतील 'चेसिन' हे रूप तो भूतकाळ अचूक पेलते. 'लेक्क' हा शब्दही आपल्याला परका नाही. तो 'लेख' या संस्कृत शब्दाच्या कुळातला आहे, आणि मराठीत 'कमी लेखणे' किंवा 'माझ्या लेखी' म्हणताना आपण त्याच कुळातले शब्द वापरत असतो.

तरी येथे एक सावधगिरी हवी, कारण बोलण्यातली ही रचना आणि कायद्यातले 'डीम्ड' शेवटपर्यंत बरोबर चालत नाहीत. 'आता ते पीक गेल्यात जमा' असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो अंदाज करत असतो, त्यात निराशाही असते, आणि उद्या पाऊस पडून पीक सावरले तर त्याचे म्हणणे आपोआप मागे पडते. कायद्यातले 'डीम्ड' अंदाज करत नाही. त्याला अधिकाराचा आधार असतो आणि त्यातून खरे परिणाम निघतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांतील दहावा नियम पाहा. कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर तो अटकेच्या दिवसापासून, नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या आदेशाने निलंबित झाला आहे असे मानले जाते. त्या दिवशी कोणीही तसा आदेश काढलेला नसतो, कोणाची सही झालेली नसते. तरी निलंबन खरे असते आणि त्याचा पगार निलंबित माणसाचा होतो. तेलुगूत सांगायचे तर 'सस्पेंड अयिनट्टे लेक्क', पण येथे लेक्क मांडणारा नियम आहे, शेजारचा माणूस नाही.

या क्रियापदाचे कूळ पाहिले की अधिकाराचा हा सूर कोठून आला ते कळते. जुन्या इंग्रजीत ज्या धातूपासून 'डीम' आले, त्याचा मूळ अर्थ 'निवाडा देणे' असा होता. 'डूम' हा शब्द त्याचाच सख्खा नातलग आहे. आज त्याला सर्वनाशाची छटा असली तरी पूर्वी तो न्यायनिवाड्याचा शब्द होता. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधल्या समुद्रात असलेल्या आइल ऑफ मॅन या बेटावर न्यायाधीशांना आजही 'डीमस्टर' म्हणतात. विचार करणे हा अर्थ या क्रियापदाला नंतर चिकटला. कायद्याच्या भाषेने जुना, निवाड्याचा अर्थ टिकवून ठेवला आहे.

आपल्या भाडेकरूंना सर्वांत जवळचे उदाहरण मात्र त्यांच्या शिक्षणसंस्थांचेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम १९५६ च्या तिसऱ्या कलमाप्रमाणे, आयोगाच्या सल्ल्याने केंद्र सरकार असे जाहीर करू शकते की, विद्यापीठ नसलेली एखादी उच्च शिक्षणसंस्था या अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी विद्यापीठ मानली जाईल. या एका वाक्यात 'डीम'चे सगळे अंतरंग आहे. 'विद्यापीठ नसलेली' हे कायदा स्वतःच आधी सांगतो. 'मानली जाईल' हा त्याचा आदेश आहे. आणि 'या अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी' ही त्या आदेशाची सीमा आहे. या कलमाखाली दर्जा मिळालेल्या पहिल्या संस्थांत बेंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आहे, तिला तो १९५८ साली मिळाला. आपल्या बेळगावात केएलईच्या उच्च शिक्षणसंस्थेला तो २००६ साली मिळाला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर आयोगाने अशा संस्थांना नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्द लावण्यास मनाई केली आणि 'डीम्ड टु बी युनिव्हर्सिटी' असे वेगळे लिहायला सांगितले. मानलेले आणि असलेले यांतली रेघ पुसू नये, हाच त्यामागचा विचार. मराठीत आपण 'अभिमत विद्यापीठ' म्हणतो, तेलुगू वर्तमानपत्रे सरळ 'डीम्ड यूनिवर्सिटी' छापतात, त्यामुळे हा शब्द आपल्या मुलांनी प्रवेश घेताना नक्कीच पाहिलेला असेल. त्यांना विचारून पाहा की, 'डीम्ड युनिव्हर्सिटी' म्हणजे जिला कोणी तरी विद्यापीठ 'समजते' अशी संस्था काय? ते नाही म्हणतील. तिची पदवी खरी असते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तीस दिवसांनंतर खोलीची स्थितीही तशीच असते, एवढे मग वेगळे सांगावे लागत नाही.

बोलण्यातली रचना पक्की झाल्यावर लेखी तेलुगूकडे वळावे. औपचारिक तेलुगूत हेच वाक्य 'गदि खाळी चेसिनट्लुगा परिगणिंचबडुतुंदि' असे होते. 'परिगणिंचु' हे संस्कृत 'परिगणन' या शब्दाला 'इंचु' हा प्रत्यय लावून केलेले क्रियापद आहे. मराठी माणसाला ते ऐकताच कळते, आणि त्यातही पुन्हा गणनाच आहे. 'बडु' हे कर्मणि रचनेचे चिन्ह आहे. ही कर्मणि रचना तेलुगूत छापील मजकुरात भरपूर सापडते, पण बोलण्यात फार थोडी. म्हणून 'शॅल बी डीम्ड' ऐकताच तेलुगू विद्यार्थी 'एवरु?', म्हणजे 'कोण?', असे विचारतो. मानणारा कोण हे त्याला हवे असते. 'करार' किंवा 'कायदा' हा कर्ता त्याच्या हाती आधी द्यावा, म्हणूनच वरच्या वाक्यात मी 'ओप्पंदम प्रकारम' हे शब्द पुढे घातले आहेत. मराठीत 'मानण्यात येईल' या रचनेने हा प्रश्न टाळता येतो, त्यामुळे मराठी शिक्षकाला ही अडचण सहज लक्षात येत नाही.

त्या विशिष्ट कलमाची कायदेशीर ताकद किती, भाडेकरूचे सामान आत असताना घरमालकाने काय करावे, हा या सदराचा विषय नाही. त्यासाठी वकिलांचाच सल्ला घ्यावा. पण मुलाने गावी जाताना दोन ओळी लिहून कळवले, तर 'न कळवता' ही अट पुरी होत नाही आणि 'डीम्ड'चा प्रसंगच येत नाही, एवढे त्याला जरूर सांगावे. इंग्रजी वाक्य नीट वाचण्याचा त्याला झालेला हा पहिला प्रत्यक्ष लाभ ठरेल.

प्रश्न : निपाणीत वकिलांच्या कार्यालयात मी मसुदे तयार करण्याचे काम करतो. तंबाखूच्या व्यवहारामुळे गुंटूरकडचे तेलुगू व्यापारी आमच्या पक्षकारांशी करार करतात. नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस 'डीम्ड टु हॅव बीन सर्व्हड' हे कलम आले की 'मला मिळालीच नाही तर मिळाली कशी?' अशी त्यांची हरकत असते. शिवाय 'डीम' आणि 'प्रिझ्यूम' या दोन्हींसाठी आम्ही मराठीत 'गृहीत धरणे' लिहितो, ते बरोबर आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्हींसाठी एकच शब्द लिहिणे टाळावे, कारण कायद्यात त्यांचे परिणाम वेगळे होतात. 'प्रिझ्यूम' मध्ये एका माहीत गोष्टीवरून दुसरी गोष्ट खरी असावी असे धरले जाते, आणि ती खरी असण्याची शक्यताही असते. साधारणपणे विरुद्ध पुरावा देऊन ते धरणे मोडता येते. न्यायालय गृहीत धरू शकेल, न्यायालयाने गृहीत धरलेच पाहिजे, आणि निर्णायक पुरावा, असे तीन स्तर १८७२ च्या पुरावा अधिनियमाने वेगळे केले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने, म्हणजे २०२३ च्या कायद्याने, ते तसेच ठेवले आहेत. 'डीम' मध्ये गोष्ट खरी आहे की नाही हा प्रश्नच मुळात बाजूला ठेवलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली, मुंबई राज्य विरुद्ध पांडुरंग विनायक या खटल्यात, लॉर्ड आस्क्विथ या इंग्रज न्यायमूर्तींचे विवेचन मान्य केले आहे. त्याचा सारांश असा की, काल्पनिक स्थिती खरी मानण्याचा आदेश असेल, तर त्या स्थितीतून अपरिहार्यपणे निघणारे परिणामही खरे मानावे लागतात. अर्ध्या वाटेवर थांबता येत नाही. अर्थात ज्या हेतूसाठी ती कल्पना केली असेल, त्या हेतूपलीकडे ती ओढायची नसते, हेही न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे.

आपल्या व्यापाऱ्यांना सांगण्यासारखे उदाहरण १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमाच्या, म्हणजे 'जनरल क्लॉजेस ॲक्ट'च्या, सत्ताविसाव्या कलमात आहे. एखाद्या कायद्याने टपालाने बजावणी करण्याची मुभा दिली असेल, तर अचूक पत्ता लिहून, टपालखर्च भरून, नोंदणीकृत टपालाने पत्र टाकले की बजावणी झाली असे मानले जाते. इथपर्यंत 'डीम्ड' बिनशर्त आहे. ती बजावणी केव्हा झाली, हे मात्र 'विरुद्ध सिद्ध न झाल्यास' नेहमीच्या टपालाने पत्र ज्या वेळी पोहोचले असते त्या वेळी, असे ते कलम सांगते. एकाच कलमात एक भाग बांधून टाकलेला आणि दुसरा पुराव्यासाठी उघडा ठेवलेला आहे. म्हणून करारातले कलम वाचताना 'डीम्ड' दिसले की लगेच, त्यापुढे 'अनलेस द काँट्ररी इज प्रूव्हड' असे काही शब्द आहेत का, हे पाहावे. गुंटूरच्या व्यापाऱ्याच्या हरकतीचे उत्तर त्या शब्दांत असते. त्याला वाक्याचा अर्थ सांगायचा तर 'नोटीसु अंदिनट्टे लेक्क' असे सांगावे. 'अंदु' म्हणजे हाती पोहोचणे. व्यापाऱ्याला लेक्क हा शब्द समजावावा लागत नाही.

येथे सीमाभागातल्या मराठी माणसाने विशेष जपावे असा एक खड्डा आहे. 'प्रिझ्यूम' समजावताना आपण सहज 'अनुमान' म्हणतो, आणि हा संस्कृत शब्द तेलुगू माणसाला कळेलच असे धरून चालतो. तेलुगूत 'अनुमानम' म्हणजे संशय. कन्नडातही 'अनुमान'चा बोलण्यातला अर्थ संशय हाच आहे, हे आपल्या भागात बाजारात रोज कानी पडते. 'तुमच्याविषयी अनुमान केले जाईल' असे आपण म्हणालो, तर समोरचा व्यापारी 'माझ्यावर संशय घेतला जाईल' असे ऐकतो, आणि बोलणी तिथेच बिघडतात. 'ऊहिंचु' हे तेलुगू क्रियापदही तेथे जपून वापरावे, कारण त्यात कल्पना करणे, तर्क लढवणे ही छटा आहे. 'डीम'साठी तर ते अजिबात चालणार नाही.

मराठी मसुद्यात 'डीम'साठी 'मानण्यात येईल' आणि विशेषणरूपाने 'मानीव' लिहावे, 'प्रिझ्यूम'साठी 'गृहीत धरण्यात येईल' राखून ठेवावे. 'मानीव' हा शब्द आपल्याकडे क्वचितच दिसतो, याचे कारण उघड आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठीची कायदेविषयक परिभाषा त्यानंतर, १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाच्या हाताखाली घडली. तिकडे 'मानीव अभिहस्तांतरण' (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मालमत्ता संस्थेच्या नावे करून दिली असे मानणे) हा शब्द सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांच्या तोंडी रुळलेला आहे. इकडे कज्जेदलालांनाही तो सांगावा लागतो. आपल्या हाताखालून जाणाऱ्या कन्नड अधिनियमांत याच जागी 'एंदु भाविसतक्कद्दु' असे येते. 'तक्कद्दु' हा त्यातला भाग इंग्रजी 'शॅल'चे काम करतो. मराठी मसुदा करताना हा कन्नड पाठ शेजारी ठेवावा. त्यातून आदेशाचा जोर नेमका कोठे आहे हे लगेच दिसते, आणि मराठीत 'समजले जाईल' असे सैल काही लिहिण्याचा मोह होत नाही. 'समजले जाईल' मध्ये गैरसमजालाही जागा आहे, म्हणून मला ते कायद्याच्या मसुद्यात पसंत नाही.

नोटीस पोहोचली असे मानणे पाठवणाऱ्याच्या सोयीचे असते, म्हणून 'डीम्ड' नेहमी दुर्बळाच्या विरुद्धच जाते असा काही पक्षकारांचा ग्रह होतो. त्यांना माहिती अधिकार अधिनियम २००५ चे सातवे कलम दाखवावे. माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांच्या मुदतीत निर्णय दिला नाही, तर त्याने अर्ज नाकारला असे मानले जाते. अधिकारी गप्प बसला आहे, त्याने नकार दिलेला नाही. पण नकार मानल्यामुळेच नागरिकाला पहिल्या अपिलाची वाट मोकळी होते. हे मानणे कायद्यात नसते, तर अधिकाऱ्याने कधीच उत्तर न देता अर्जदाराला कायमचे ताटकळत ठेवले असते.

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेत कामानिमित्त आलेल्या काही तेलुगू कुटुंबांची मुले आहेत. नव्या शब्दांचा वाक्यांत उपयोग करायला सांगितला की 'आय ॲम डीमिंग', 'ही वॉज डीम्ड ॲज अ लीडर' अशी वाक्ये येतात. ती सुधारायची कशी, आणि बोलण्यात हे क्रियापद वापरू द्यावे का?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : पहिल्या चुकीचे मूळ तेलुगूत आहे. 'मला वाटते' यासाठी तेलुगूत 'अनुकुंटुन्नानु' म्हणतात, आणि ते रूप चालू क्रियेचे आहे. त्याची छाप 'आय ॲम थिंकिंग' आणि त्याच वाटेने 'आय ॲम डीमिंग' यांवर पडते. 'डीम' चालू काळात येत नाही, असे स्पष्ट सांगून 'डीम्स', 'डीम्ड', 'शॅल बी डीम्ड' ही तीनच रूपे पक्की करून घ्यावीत. शाळेत एवढी पुरतात.

दुसरी चूक आपली मराठी मुलेही करतात. तेलुगूत 'डॉक्टरगा' मधला 'गा' आणि मराठीत 'डॉक्टर म्हणून' मधला 'म्हणून' इंग्रजी 'ॲज'ला ओढून आणतात. 'रिगार्ड'नंतर 'ॲज' हवे, 'डीम'नंतर नको. 'द कमिटी डीम्ड इट नेसेसरी', 'द रोड वॉज डीम्ड अनसेफ', अशी नाम किंवा विशेषण थेट ठेवणारी वाक्ये फळ्यावर लिहून वाचून घ्यावीत. मुले शेवटी उकार लावून 'डीमु' म्हणतील, कारण तेलुगू शब्द बहुधा स्वरान्त असतात आणि बस, कार हे शब्दही तेथे 'बस्सु', 'कारु' होतात. हळूहळू ते सुटते, त्यावर फार वेळ घालवू नये. बोलण्यात हे क्रियापद वापरण्याचे कारण नाही. मित्राला 'आय डीम यू माय फ्रेंड' म्हटले तर ते अर्जासारखे वाटते. तेथे 'थिंक' किंवा 'कन्सिडर' हवे.

वरच्या वर्गांना एक गोष्ट अधिक सांगता येईल. न्यायालयातील अर्जाच्या शेवटी बहुधा 'एनी अदर रिलीफ दॅट द कोर्ट डीम्स फिट' असे असते. कायद्याचा कागद असूनही येथे 'डीम' मताच्याच अर्थाने आले आहे : न्यायालयाला योग्य वाटेल तो अन्य दिलासा. तेलुगूत येथे 'लेक्क' बसणार नाही, 'भाविंचु' हवे. ओळखण्याची खूण साधी आहे. 'डीम'चा कर्ता कोर्ट, समिती, डॉक्टर असा विचार करणारा असेल तर 'भाविंचु'. 'शॅल बी डीम्ड' असे कर्त्याविना आले असेल तर 'नट्टे लेक्क'.